नांगर रानातला आणि नांगर पाण्यातला



सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यात बामणोली नावाचे गाव आहे. कासच्या पठारावरून पलीकडे उतरले, की शिवसागर जलाशयाच्या काठी ते लागते. कोयना धरणाचे पाणी येथवर पसरले आहे. येथून लाँच सुटतात. कोणी वासोट्याच्या पायथ्याला जातो, कोणी तापोळ्याकडे, कोणी पलीकडच्या काठावरल्या आपल्या वाडीला. कधी त्या लाँचमध्ये बसलात तर मागे वळून पाहा. पाण्यावर एक लांबच लांब रेघ उमटलेली दिसेल. मध्ये खोलगट, दोन्ही अंगांना पाणी उचललेले. नांगर चालून गेल्यावर रानात जसे तास पडते, अगदी तसेच. फरक इतकाच, की रानातले तास पुढच्या मशागतीपर्यंत टिकते आणि पाण्यातले तास आपण बघता बघता मिटून जाते.

आता हे जे लाँचने पाण्याला केले, त्याला मराठीत कोणते क्रियापद लावाल? क्षणभर थांबून मनाशी उत्तर काढा. मग पुढे वाचा. कारण आज आपण एका क्रियापदाचीच गोष्ट करणार आहोत. ते क्रियापद आहे स्पॅनिश भाषेतले. स्पेनमध्ये आणि दक्षिण व मध्य अमेरिकेतल्या बहुतेक देशांत ही भाषा बोलतात. सातारा-सांगलीकडच्या माणसाला तिचे काय पडले आहे, असे तुम्ही म्हणाल. पण थोडा धीर धरा. त्या परक्या शब्दाच्या मागोमाग गेलो, तर आपण फिरून आपल्याच शेताच्या बांधावर येऊन उभे राहणार आहोत.

ते क्रियापद आहे ‘सुर्कार’. ‘सुर्को’ म्हणजे नांगराचे तास. त्यावरून ‘सुर्कार’ म्हणजे तास पाडणे. हा झाला शेतकऱ्याचा अर्थ. पण स्पॅनिश माणूस हाच शब्द जहाजालाही लावतो. जहाज समुद्रातून जाते तेव्हा ते समुद्राला ‘सुर्कार’ करते. पक्षी किंवा विमान आकाशातून जाते तेव्हा तेही आकाशाला ‘सुर्कार’ करते. म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर रेषा पडतात, तिथेही हाच शब्द चालतो. रान, समुद्र, आकाश आणि माणसाचा चेहरा अशा चार ठिकाणी एकच नांगर फिरतो, असे म्हणा ना!

ही कल्पना स्पॅनिश लोकांनी नव्याने काढलेली नाही. स्पॅनिश ही लॅटिन भाषेची लेक. लॅटिनमध्ये तासाला ‘सुल्कुस’ म्हणत. रोमचा थोर कवी व्हर्जिल ख्रिस्तपूर्व ७० ते १९ या काळात होऊन गेला. त्याने आपल्या महाकाव्यात जहाजे समुद्रात तासे पाडीत चालल्याचे वर्णन केले आहे. याच कवीने शेतीवरही एक मोठे काव्य लिहिले आणि त्यात नांगर कोणत्या लाकडाचा, कसा तयार करावा, हेदेखील सांगितले आहे. म्हणजे शेताची खबर असलेला कवी होता तो. नांगराची उपमा त्याने ऐकीव माहितीवर दिलेली नाही.

येथे शेतकरी बंधूंनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रोमन लोकांचा नांगर आपल्या जुन्या लाकडी नांगरासारखाच होता. लाकडी नांगराचा फाळ माती मधोमध चिरतो आणि ती दोन्ही अंगांना सारखी ढकलतो. होडीचा पुढचा निमुळता भाग पाण्याला तेच करतो. लोखंडी नांगराचे तसे नाही. त्याचा वाकडा पत्रा मातीची खापली एका अंगाला पालथी घालतो. तेव्हा जहाजाला नांगराची उपमा ज्याने प्रथम दिली, त्याच्या डोळ्यांपुढे तुमच्या आजोबांच्या हातातल्या नांगरासारखाच नांगर असणार. उपमा कोठून आली ते अवजाराकडे पाहिले की कळते. शब्दकोशात एवढे सापडत नाही.

बरे, आता हा ‘सुर्कार’ इंग्रजीत कसा न्यायचा? पहिल्या झटक्याला वाटते, त्यात काय अवघड आहे? इंग्रजीत नांगरण्याला ‘प्लाऊ’ म्हणतात. आणि जहाज लाटा ‘प्लाऊ’ करीत चालले, असे इंग्रजीतही म्हणता येते. समुद्रापुरते काम भागले. पण हाच शब्द विमानाला लावून पाहा. विमानाने डोंगरात ‘प्लाऊ’ केले, असे इंग्रजीत कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या छातीत धस्स होईल. कारण तिथे त्याचा अर्थ विमान डोंगरात घुसले, आदळले, असा होतो. ‘प्लाऊ’ या शब्दात इंग्रज माणसाला जोर, कष्ट, अडथळा फोडून रेटणे हे सारे ऐकू येते. चिखलातून कसाबसा जाणारा माणूसही तिकडे ‘प्लाऊ’ करतो, आणि कंटाळवाणे जाड पुस्तक नेटाने संपवणारा विद्यार्थीही! स्पॅनिश ‘सुर्कार’मध्ये हा रेटा नाही. तिथे नजर आहे ती मागे उमटणाऱ्या सरळ रेघेवर.

म्हणून जाणता भाषांतरकार ठिकाण पाहून शब्द बदलतो. समुद्रावर ऐटीने चाललेल्या जहाजाला ‘प्लाऊ’ लावतो. नुसता जलप्रवास सांगायचा असेल तर साधा ‘सेल’ घेतो. आकाशातल्या पक्ष्याला उडण्याचे, तरंगण्याचे क्रियापद देतो. चेहऱ्यावरल्या रेषांसाठी ‘फरो’ वापरतो, आणि गंमत अशी, की ‘फरो’ म्हणजेही तासच. मूळ शब्द एक, पण भाषांतरात त्याचे चार शब्द झाले. यात भाषांतरकाराची लबाडी नाही, बरं का. एकाच बी-बियाण्याला काळ्या रानात एक वाफ लागते आणि मुरमाड माळावर दुसरी लागते, तसे हे आहे.

आता आपण घरी येऊ. हेच वाक्य मराठीत आणायचे आहे असे समजा. शाळेत गुरुजींनी फळ्यावर लिहिले, जहाजाने समुद्र ‘प्लाऊ’ केला. वर्गातल्या हुशार मुलाने उठून मराठी केले, ‘जहाजाने समुद्र नांगरला.’ शब्दाला शब्द जुळला. व्याकरणही बिनचूक. मग चुकले कोठे?

हे वाक्य मालवणच्या किंवा हर्णैच्या एखाद्या कोळीदादाला ऐकवा. जहाज आणि नांगर हे दोन शब्द एकत्र कानी पडले, की त्याच्या मनात एकच चित्र उभे राहते. जहाज उभे राहिले, आकडेवजा अवजड लोखंड दोराने पाण्यात सोडले, तळात रुतले, आणि जहाज जागच्या जागी थांबले. कारण किनाऱ्यावर ‘नांगर’ म्हणजे जहाज थोपवणारे साधन. ‘नांगर टाकला’ म्हणजे मुक्काम पडला. ‘नांगर उचलला’ म्हणजे निघाले. ‘होडी नांगरली’ म्हणजे होडी थांबवून ठेवली. पाहा कशी मौज झाली! स्पॅनिशमध्ये जे जहाज पाणी चिरीत पुढे धावत होते, ते इंग्रजीतून मराठीत येता येता थांबले. शब्द बरोबर पोचला आणि अर्थ नेमका उलटा झाला.

एका शब्दाला हे दोन अर्थ कसे चिकटले? मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली छापला गेला आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ साली निघाली. त्यात ‘नांगर’ या शब्दाखाली शेताचे अवजार आणि जहाजाचे साधन असे दोन्ही अर्थ दिलेले आहेत. पण एका छपराखाली राहतात म्हणून ते सख्खे भाऊ ठरत नाहीत. शेतातला नांगर संस्कृत ‘लांगल’ या शब्दापासून आला. हा शब्द ऋग्वेदात आहे. खांद्यावर नांगर घेणाऱ्या बलरामाला ‘लांगली’ म्हणतात तो याच शब्दावरून. पाण्यातला नांगर नाते सांगतो फार्सीतल्या ‘लंगर’शी. हिंदीत आजही जहाजाच्या नांगराला लंगरच म्हणतात. एक ‘लांगल’ आणि एक ‘लंगर’. दोघांचाही आरंभीचा ‘ल’ मराठीत ‘न’ झाला आणि दोघेही ‘नांगर’ होऊन बसले. दोन वेगळ्या गावांची माणसे एकाच आडनावाने एका वाड्यात राहावीत, तसे झाले.

‘ल’चा ‘न’ होतो हे कशावरून, असे शिक्षकबंधू विचारतील. त्यांनी अवश्य विचारावे. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचे जैन पंडित होऊन गेले. त्यांनी प्राकृत भाषेचे व्याकरण लिहिले. त्यात त्यांनी नोंदवून ठेवले आहे, की ‘लांगल’ आणि ‘ललाट’ यांसारख्या काही शब्दांत पहिल्या ‘ल’चा ‘ण’ होतो. आता ‘ललाट’ म्हणजे कपाळ. हा शब्द असाच बदलत बदलत मराठीत आला, आणि त्याचे झाले ‘निढळ’. निढळाच्या घामाची भाकरी आपण म्हणतो ना, तेच हे निढळ. म्हणजे बघा, नांगर आणि नांगर धरणाऱ्याच्या कपाळावरचा घाम, हे दोन्ही शब्द एकाच वाटेने चालत आपल्या तोंडी आले आहेत.

तुमच्यापैकी जतच्या बाजूला, कर्नाटकाच्या शिवेवर राहणाऱ्या मंडळींना आणखी एक गोष्ट ठाऊक असेल. तिकडचा कन्नड बोलणारा शेतकरी नांगराला ‘नेगिलु’ म्हणतो. तिथेही आरंभी ‘न’च आहे. ‘लांगल’ हा शब्द संस्कृतात मुळी या देशातल्या शेतकऱ्यांच्या जुन्या बोलींतून शिरला, असे बऱ्याच भाषा-अभ्यासकांचे मत आहे. वेदकाळच्या पंडितांनाही नांगराचा शब्द शेतकऱ्याकडून घ्यावा लागला, असे मानले तर त्यात नवल ते काय? ज्याच्या हाती अवजार, त्याच्या तोंडी शब्द.

स्पॅनिश शब्दाचेही असेच झाले आहे. लॅटिन ‘सुल्कुस’मधला ‘ल’ बदलून स्पॅनिशमध्ये ‘र’ झाला आणि ‘सुर्को’ तयार झाले. आपल्या ‘लांगल’मधला शेवटचा ‘ल’ बदलून ‘र’ झाला आणि ‘नांगर’ तयार झाले. हजारो कोसांच्या अंतरावर दोन शेतकरी समाजांच्या जिभा सारख्याच वळल्या.

मात्र येथे एक धोक्याची सूचना देऊन ठेवतो. ‘सुर्कार’ हा शब्द ऐकून तुम्हांला आपली ‘सुरकुती’ आठवली असेल. चेहऱ्यावरच्या रेषांना स्पॅनिशमध्ये ‘सुर्कार’ चालतो आणि मराठीत सुरकुती म्हणतात. मग मूळ एकच असणार, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. आवाज जुळला म्हणून शब्दांचे गोत्र जुळत नाही. ‘लांगल’पासून ‘नांगर’पर्यंतच्या पायऱ्या दाखवता येतात. ‘सुर्कार’पासून सुरकुतीपर्यंत अशी एकही पायरी दाखवता येत नाही. मुलांना गंमत म्हणून ही जोडी जरूर सांगावी, पण नाते म्हणून सांगू नये.

सातारा हे डोंगरातले शहर. तिथे पाण्यातल्या नांगराचे काय काम, असे वाटेल. पण शाहू महाराजांच्या काळी साताऱ्याचा समुद्राशी रोजचा संबंध होता. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी आंगरे शाहू महाराजांच्या बाजूला आले आणि सरखेल म्हणून मराठ्यांचे आरमार त्यांच्या हाती राहिले. म्हणजे अजिंक्यताऱ्याखालच्या ज्या दरबारात रानाच्या नांगरटीवरचा सारा मोजला जात होता, त्याच दरबाराच्या नावाने कुलाब्याला जहाजेही नांगरली जात होती. एका राज्यात दोन्ही नांगर सुखाने नांदत होते. कोणाचा घोटाळा होत नव्हता, कारण प्रत्येकाला आपापले काम माहीत होते. घोटाळा होतो तो कामापासून शब्द सुटा करून नुसत्या कागदावर घेतला म्हणजे.

शब्द तोच राहतो आणि वस्तू पालटते, असेही घडते. त्याचे उदाहरण सांगलीकरांच्या घरातच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केले आणि १९१० साली औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडलच्या माळावर कारखाना वसवला. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत त्या वेळी होती आणि आरंभी शेतकरी हा नांगर घ्यायला धजत नव्हते, असे सांगतात. पुढे त्याने रानात काम करून दाखवले. खोलवर रुतलेली हरळी उपटून दाखवली. तेव्हा तो आपला झाला. आणि आपला झाल्यावर त्याला नवे नाव शोधावे लागले नाही. लाकडी होता तोही नांगरच, लोखंडी आला तोही नांगरच, आणि आज ट्रॅक्टरच्या मागे जोडतात तोही नांगरच. मात्र त्याबरोबर रुमणे, हळस, शिवळ, वसू हे शब्द मागे पडले. ट्रॅक्टरला रुमणे नसते. ज्या मुलाने रुमणे हातात धरले नाही, त्याला तो शब्द पाठ करून येणार नाही.

भाषांतराचेही किर्लोस्करांच्या नांगरासारखेच आहे. परभाषेतला शब्द आपल्या मातीत घालून पाहावा. काम केले तर ठेवावा. नाही केले तर दुसरा जोडावा. ‘जहाजाने समुद्र नांगरला’ हा शब्द आपल्या मातीत काम करीत नाही. मग कोणता करतो?

सांगलीला कृष्णेच्या पात्रात होड्यांच्या शर्यती होतात. काठावर उभे राहून लोक काय बोलतात ते ऐका. होडी ‘पाणी कापत’ आली म्हणतील. ‘पाणी चिरत’ गेली म्हणतील. जोरात असेल तर ‘पाणी फाडत’ सुटली म्हणतील. ही आपली क्रियापदे. ती नांगरावरून आली नाहीत. विळ्यावरून, कोयत्यावरून आली. स्पॅनिश माणसाने पाण्यावर नांगर धरला आणि आपण कोयता चालवला, एवढाच भेद. उसाच्या मुलखातल्या माणसाने पाण्यालाही कापणे शब्द लावावा, यात काही वावगे नाही. तेव्हा मराठीत साधे लिहावे, ‘जहाज लाटा कापीत चालले.’ वाक्य सरळ आहे आणि जहाज थांबत नाही.

आणि लेखकाला नांगराचीच उपमा हवी असेल तर? तीही ठेवता येते. पण क्रियापद सोडून तास धरावे. ‘जहाज समुद्रावर तास पाडीत चालले.’ कोकणातल्या वाचकाला यात जहाज थांबल्यासारखे वाटणार नाही, आणि देशावरच्या शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे नेमके चित्र उभे राहील. मात्र हेच वाक्य शहरातल्या मुलाला दिले, तर त्याला ‘तास’ म्हटल्यावर घड्याळ आठवेल नाही तर शाळेतला गणिताचा तास आठवेल. तेव्हा वाचणारा कोण आहे हेही पाहावे लागते. तीच गोष्ट विमानाची. विमानाने आभाळ नांगरले, असे कोणी म्हणत नाही. विमान गेले आणि मागे पांढरी रेघ ओढून गेले, असे रानातली पोरे मान वर करून सांगतात. ते भाषांतर उत्तम आहे. चेहऱ्यावर तर आपण सुरकुत्या आणि आठ्या केव्हाच्या देऊन टाकल्या आहेत.

आता एक अवघड जागा दाखवतो. दक्षिण अमेरिकेतले अनेक देश स्पेनच्या राज्यातून सोडवणारा सेनानी सिमोन बोलिव्हार. आयुष्यभर तो लढला. पण देश मोकळे झाले आणि आपसांत भांडू लागले. १८३० च्या नोव्हेंबरात, मरणाच्या महिनाभर आधी, खचलेल्या मनाने त्याने एका सेनापतीला पत्र लिहिले. त्यात म्हटले, की जो क्रांतीची सेवा करतो तो समुद्र नांगरतो. येथे त्याने ‘सुर्कार’ शब्द वापरला नाही. ‘आरार’ वापरला. ‘आरार’ म्हणजे शेतकरी पिकासाठी जमीन नांगरतो ते नांगरणे. ‘सुर्कार’ म्हटले असते तर ऐटीत जाणारे जहाज दिसले असते. ‘आरार’ म्हटल्यावर दिसतो बिचारा एक शेतकरी, पाण्यावर औत धरून राबणारा. मागे वळून पाहतो तर तासाचा मागमूस नाही.

इंग्रजीत या दोन्ही शब्दांना ‘प्लाऊ’ हा एकच शब्द पुढे येतो, आणि गौरव कोणता, हताशा कोणती, हे सभोवतालच्या वाक्यावरून ओळखावे लागते. मराठीत बोलिव्हारचे वाक्य ‘समुद्र नांगरला’ असे केले, तर कोकणातला वाचक समजेल की सेनापती जहाज थांबवून विसाव्याला बसला. ‘पालथ्या घड्यावर पाणी’ असे केले, तर अर्थाची निराशा येते, पण नांगर आणि समुद्र दोन्ही बुडतात. मला विचाराल तर मी असे लिहीन: ‘पाण्यावर औत धरले, मागे तास राहिले नाही.’ ‘औत’ म्हटल्यावर जहाजाचा संबंधच उरत नाही. तुम्हांला याहून बरे सुचले तर ते घ्यावे. भाषांतरात शेवटचा शब्द कोणाचाच नसतो.

हे सारे शब्दांचे खेळ आहेत, असे कोणास वाटू नये. म्हणून आपण जेथून निघालो तेथे, बामणोलीच्या काठावर, पुन्हा जाऊ. १९६०च्या दशकाच्या आरंभी कोयना धरणाचे पाणी चढू लागले. त्या पाण्याखाली भाताची खाचरे गेली, नांगरटीची राने गेली, घरे गेली, देवळे गेली. आज लाँच जिथे पाण्यावर तास पाडीत जाते, तिथे खाली खरोखरीची तासे होती. आपल्या मुलखात ‘सुर्कार’चे दोन्ही अर्थ असे एकावर एक पडले आहेत. वर जहाजाचा आणि खाली नांगराचा. त्या विजेने कारखाने चालले, दिवे लागले. पण ज्यांचे रान गेले त्यांना उठावे लागले. कोणी वरच्या अंगाला सरकले, कोणी जिल्ह्यातच दुसरीकडे गेले, आणि काही कुटुंबे आजच्या रायगड, ठाणे या जिल्ह्यांत जाऊन वसली.

असा एखादा कोयनाकाठचा शेतकरी कोकणच्या किनाऱ्याजवळ नव्याने राहायला गेला, अशी कल्पना करा. शेजारचा कोळी सकाळी त्याला सांगतो, ‘होडी नांगरून आलो.’ हा मनात म्हणतो, होडी कशी नांगरतात? आणि हा सांगतो, ‘कालच रान नांगरून घेतलं.’ तो मनात म्हणतो, रान कशाला बांधून ठेवायचे? दोघेही मराठी. शब्दही एकच. तरी मध्ये भाषांतर हवे. ते भाषांतर शब्दकोश करीत नाही. शेजारी कोळ्याबरोबर एकदा होडीवर जातो, कोळी त्याच्याबरोबर एकदा बांधावर येतो, तेव्हा ते आपोआप होते. ज्याला आपला नांगर सोडून परमुलखात जावे लागले, त्याला एवढे तरी शेजाऱ्याने समजून घ्यावे. शब्दाच्या गैरसमजातून माणूस हसण्यावारी जाऊ नये.

शिक्षकबंधूंना शेवटी एक विनंती. वर्गात भाषांतर घेताना मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवा. पहिला, या शब्दामागे कोणते काम आहे? दुसरा, आपल्या गावात तेच काम करणारा किंवा पाहणारा माणूस काय म्हणतो? तिसरा, आपण लिहिलेले वाक्य त्याला वाचून दाखवले, तर त्याच्या डोळ्यांपुढे मूळचेच चित्र उभे राहते की भलतेच? तिसऱ्या प्रश्नासाठी मुलांना खरोखरच घरी पाठवा. आजोबांना, नावाड्याला, लोहाराला वाक्य वाचून दाखवू द्या. आजोबा हसले तर समजावे, की कोठेतरी जहाज थांबले आहे.

शेतकरी बंधूंनाही सांगणे आहे. नातवंडे शाळेतून असा प्रश्न घेऊन आली, तर ‘मला काय कळतंय त्यातलं, गुरुजींना विचार’ असे म्हणून त्यांना परत धाडू नका. तास कसे दिसते, वाफसा म्हणजे काय, रुमणे कोठे असते, हे गुरुजींना पुस्तकात सापडत नाही. ते तुम्हांलाच सांगावे लागेल. व्हर्जिललाही नांगर कोणी पुस्तकातून दाखवला नसेल. कोणीतरी रानात नेऊन दाखवला, म्हणून त्याला समुद्रात तास दिसले.